कंपनी विकल्यानंतरच्या नोकरीबद्दलही लिहावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तंत्रज्ञान क्षेत्रातील उद्योजकांचा परिचय करून देणारे सदर मी नियमित वाचते. भाषा चांगली असते, माहितीही बहुधा बिनचूक असते. मात्र जवळजवळ प्रत्येक लेख एकाच ठिकाणी उडी मारतो. एका परिच्छेदात कंपनी मोठ्या रकमेला विकली जाते आणि पुढच्याच परिच्छेदात तिचा संस्थापक इतरांच्या कंपन्यांत पैसे गुंतवताना दिसतो. मधली वर्षे फार तर अर्ध्या वाक्यात उरकली जातात. त्या वर्षांत ही व्यक्ती बहुतेक वेळा नोकरी करत असते, आणि तीही ज्याने कंपनी विकत घेतली त्याच्याकडे.

मी ठाण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून व्यवसाय करते. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे करार माझ्या टेबलावरून जातात, म्हणून ही गाळलेली वर्षे मला अधिक खटकत असावीत. खरेदीदार सगळी रक्कम एकदम देत नाही. काही हिस्सा एस्क्रो, म्हणजे तिऱ्हाइताकडे ठेवलेल्या, खात्यात अडकून राहतो, काही हिस्सा ‘अर्न-आउट’ म्हणून पुढील दोन-तीन वर्षांच्या कामगिरीला बांधलेला असतो, आणि संस्थापक मुदतीपूर्वी सोडून गेला तर त्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेला चांगलीच कात्री लागू शकते. त्याआधी गुंतवणूकदारांचा प्राधान्य हक्क असतोच. समजा, गुंतवणूकदारांनी ३० कोटी घालून ६० टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी ४० कोटींना विकली गेली. हिश्श्याच्या हिशेबाने त्यांना २४ कोटी मिळायला हवेत. पण करारात मूळ रक्कम आधी परत घेण्याचा हक्क असेल तर ते ३० कोटी उचलतात आणि संस्थापक व कर्मचारी यांना मिळून १६ऐवजी १० कोटी उरतात. मथळा मात्र ४० कोटींचाच होतो. त्यामुळे विक्रीनंतरची नोकरी अनेकदा सौद्याच्या किमतीतच धरलेली असते.

या दृष्टीने सिलिकॉन व्हॅलीतील उद्योजक आणि गुंतवणूकदार कंवल रेखी यांचा प्रवास सविस्तर छापण्यासारखा आहे. ते आयआयटी मुंबईचे, म्हणजे आपल्या शेजारच्या पवईचे, १९६७चे पदवीधर. मिशिगनमध्ये उच्च शिक्षण घेऊन ते नोकरीला लागले, आणि सुरुवातीच्या काळात कर्मचारी-कपातीचा अनुभवही त्यांनी घेतला. १९८२मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक्सेलन ही कंपनी काढली. वेगवेगळ्या बनावटीचे संगणक एका जाळ्यात जोडणारी इथरनेट कार्डे ती बनवत असे, आणि आज इंटरनेट ज्या टीसीपी-आयपी पद्धतीवर चालते त्या पद्धतीवर या कंपनीची सारी मदार होती. प्रमुखपदाची सूत्रे संस्थापक असूनही त्यांच्या हाती लगेच आली नाहीत. १९८७मध्ये कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली आणि १९८९मध्ये नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीत विलीन झाली. लेख येथे संपवण्याचा मोह होतो. रेखी मात्र पुढे काही वर्षे नोव्हेलमध्ये कार्यकारी उपाध्यक्ष आणि मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते.

नोव्हेलचा सगळा पसारा नेटवेअर हे संगणकांचे जाळे चालवणारे सॉफ्टवेअर आणि टीसीपी-आयपीहून वेगळी अशी स्वतःची आयपीएक्स पद्धत यांवर उभा होता. ज्या तंत्रज्ञानावर आपण कंपनी उभारली त्याचे महत्त्व, दुसरीच पद्धत विकून भरभराटीला आलेल्या मोठ्या कंपनीत पटवून द्यायचे, हे काम कोणत्याही नवउद्योगापेक्षा सोपे असेल असे मला वाटत नाही. तेथे आपल्या शब्दावर गाडी चालत नाही. विक्री विभाग, इतर उपाध्यक्ष, संचालक मंडळ सगळ्यांना सोबत घ्यावे लागते. १९९२मध्ये सिलिकॉन व्हॅलीत ‘टाय’ ही उद्योजकांची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत रेखी होते, आणि तेव्हा ते नोव्हेलचे अधिकारीच होते. नवख्यांना मार्गदर्शन करण्याची आणि पुढे त्यांच्यात पैसे घालण्याची सुरुवात नोकरीत असतानाच झाली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे त्यांनी सुरुवातीला साथ दिलेली एक्सोडस ही कंपनी १९९८मध्ये शेअर बाजारात गाजली आणि २००१मध्ये दिवाळखोरीत गेली. परिचयपर लेखांत पहिली गोष्ट सापडते, दुसरी शोधावी लागते.

मार्क अँड्रीसन यांच्याबाबतही हेच होते. त्यांनी सहकाऱ्यासह काढलेल्या नेटस्केप या वेब ब्राउझर कंपनीचा १९९५चा शेअर बाजारातील पहिला दिवस सर्वांना पाठ असतो. नेटस्केप एओएल या इंटरनेट सेवा कंपनीने घेतल्यावर ते तेथे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले आणि काही महिन्यांतच बाहेर पडले, हे सहसा वाचायला मिळत नाही. त्यांनी बेन हॉरोविट्झ यांच्यासोबत काढलेल्या लाउडक्लाउड या इतरांची संकेतस्थळे चालवून देणाऱ्या कंपनीला २००२मध्ये आपला सेवा व्यवसाय विकून केवळ सॉफ्टवेअरवर ऑप्सवेअर या नावाने तग धरावा लागला, शेअर एका डॉलरच्याही खाली गेला. २००७मध्ये एचपीने ती सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेतली, हॉरोविट्झ काही काळ एचपीत उपाध्यक्ष म्हणून राहिले आणि २००९मध्ये दोघांनी गुंतवणूक संस्था काढली. अपवाद आहेतच. विनोद खोसला १९८२मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स उभारून दोन-तीन वर्षांतच बाहेर पडले आणि १९८६मध्ये थेट क्लायनर पर्किन्स या गुंतवणूक संस्थेत गुंतवणूकदार झाले. त्यांचा जन्म पुण्याचा, एवढे मात्र आपली मराठी वृत्तपत्रे कधी विसरत नाहीत!

गुंतवणूकदार झाल्यावरचे वर्णनही ढोबळ असते. ‘अमुक यांनी शंभर कोटी गुंतवले’ असे छापले जाते, तेव्हा ते पैसे बहुधा निधीचे, म्हणजे दुसऱ्यांचे असतात. सेबीच्या २०१२च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांनुसार व्हेंचर कॅपिटल निधीच्या, म्हणजे नवउद्योगांत पैसे घालणाऱ्या निधीच्या, प्रवर्तक किंवा व्यवस्थापकाने निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यांपैकी कमी असेल तेवढी स्वतःची रक्कम ठेवणे बंधनकारक आहे. बाकीची रक्कम इतरांकडून येऊ शकते. व्यवस्थापन शुल्क दरवर्षी मिळते आणि नफा झाला तर त्यात वाटा. यात गैर काहीच नाही. वाचकाला फक्त एवढे कळावे की हीदेखील एक प्रकारची नोकरीच आहे, आणि तिचे मालक निधीत पैसे ठेवणारे आहेत.

आपल्या वाचकवर्गाचा विचार करता हा विषय येथे परका नाही. ऐरोलीचे पटनी कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे संकुल पाहा. याच पटनीतून बाहेर पडून नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये इन्फोसिस काढली, हे आपण अनेकदा छापले आहे. पुढे २०११मध्ये आकाराने लहान असलेल्या आयगेटने पटनी घेतली आणि २०१५मध्ये कॅपजेमिनीने आयगेट. चार-पाच वर्षांत ओळखपत्रावरचे नाव दोनदा बदललेले कितीतरी लोक ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी भेटतील. नव्या मालकाच्या पद्धतीत जुना गट कसा टिकवायचा, कोणता ग्राहक जाऊ द्यायचा, कोणाला थांबवायचे, हे त्यांनी आतून पाहिले आहे. आपल्या सदरात अशा माणसाला अद्याप जागा मिळालेली नाही. उलट सदर वाचून माझ्याकडे येणाऱ्या तरुणांची समजूत अशी झालेली असते की घोडबंदर रोडच्या घराचा हप्ता फेडण्यासाठी केलेली नोकरी म्हणजे वाया गेलेली वर्षे, आणि कंपनी विकून पुन्हा नोकरी पत्करणे म्हणजे हार. अशांतलेच काही जण आपला हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचा होतो हे कलम न वाचता सही करून आलेले असतात.

म्हणून विनंती अशी की, परिचय लिहिताना संबंधितांना काही साधे प्रश्न विचारावेत. विक्रीच्या वेळी तुमचा हिस्सा किती उरला होता, रोख किती मिळाले आणि किती अडकले, नव्या कंपनीत तुम्ही कोणाच्या हाताखाली होता, तेथून का निघालात, पहिली गुंतवणूक स्वतःच्या पैशाने केली की निधीच्या? सगळेच उत्तर देणार नाहीत. परंतु भारतीय कंपनी असेल तर तिची समभागवाटपाची विवरणपत्रे आणि वार्षिक ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. कोणत्या वर्षी किती समभाग, कोणत्या अधिमूल्याने (दर्शनी किमतीहून किती जास्त घेऊन), कोणाला दिले हे तेथे मिळते, आणि एका कंपनीची कागदपत्रे पाहण्याचे शुल्क शंभर रुपये आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)