माझे बोट नको, तुमचे घाला

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आपले नाव छापू नये, असे तुम्ही बजावून सांगितले आहे, म्हणून ते येथे घालत नाही. परंतु आभार मात्र चारचौघांतच मानायचे, असे मी ठरवले होते.

वर्षभर माझी गाडी सकाळी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना करकरत होती. एका गॅरेजमध्ये ती मी तीनदा नेली. आधी क्लच प्लेट बदलली, मग गिअरची केबल, आणि तिसऱ्या खेपेस ‘गिअर ऑइल आयुष्यभराचे असते मॅडम, त्यात बघण्यासारखे काही नसते,’ असे ऐकवून मला ‘ग्राहकांना आत प्रवेश नाही’ या पाटीपाशीच थोपवले. पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण ज्या यंत्रासाठी ते मोजले, ते मला कोणी एकदाही दाखवले नाही, हा सल अधिक आहे.

शेवटी मी स्वतःच अंगणात गाडीखाली शिरले आणि तळाच्या ड्रेन प्लगला पाना लावला, तोच फाटकातून तुमचा आवाज आला, ‘थांबा बाई, आधी वरचा प्लग निघतो का ते पाहा.’ सगळे तेल खाली सोडून दिल्यावर भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला असता, तर कोरडा गिअरबॉक्स घेऊन मी जाणार कोठे होते? एस.टी.च्या आगारात उभी हयात घालवलेल्या तुम्हाला ते रस्त्यावरून जाता जाता दिसले. नुसता पुढचा भाग उचलला तर तेलाची पातळी खोटी दिसते, असे सांगून तुम्ही घरून स्टँड आणलेत आणि गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून घेतलीत.

वरचा प्लग निघाला तेव्हा तुमचा हात छिद्रापर्यंत गेला होता. तो तुम्ही मागे घेतलात आणि म्हणालात, ‘माझे बोट नको, तुमचे घाला. गाडी तुमची आहे.’

काका, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. तेल छिद्राच्या खालच्या काठाला टेकलेले हवे. माझे बोट पुरते वाकवून खाली नेले तेव्हा कोठे टोकाला काळपट तेल लागले. ते तुम्ही आपल्या पांढऱ्या रुमालावर पुसायला लावलेत आणि रुमाल उन्हात धरलात. त्यात पितळेचे बारीक कण चमकत होते. सिंक्रोची रिंग, म्हणजे गिअर बदलताना दोन्ही चाकांचा वेग जुळवणारी पितळी कडी, झिजत असल्याची ती खूण, आणि ॲक्सलच्या सीलभोवतीचा ओलावा हे तेल कमी होण्याचे कारण, दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी आणलेला गिअर ऑइलचा डबा जीएल-५ या प्रतीचा होता. त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळेच्या रिंगला मानवत नाहीत, आणि गाडीच्या पुस्तिकेत तर स्पष्ट जीएल-४ लिहिले होते. डबा बदलून आणेपर्यंत तुम्ही पायरीवर बसून राहिलात.

जाणकारी दडवून ठेवली की तिचे बिल करता येते, हे त्या गॅरेजने मला शिकवले होते. तुम्ही ती दोन तासांत उघड्यावर मांडलीत, आणि तीही मला अडाणी न ठरवता. असे वागणारी माणसे आपल्या गल्लीत राहतात, हे मला इतकी वर्षे ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

सील नंतर बदलून घेतले. करकर पूर्ण गेलेली नाही, पण कमी झाली आहे. परवा मी पुन्हा प्लग उघडला. तेल काठाशी होते, बोट पहिल्या पेरापाशीच भिजले. तुमचा १७ नंबरचा पाना माझ्याकडेच राहिला आहे, तो रविवारी सकाळी घेऊन येते.

आपली ऋणी,
गल्लीच्या टोकाच्या बाई