‘नवीन व तपासलेला’ म्हणून विकलेल्या पावर सप्लाय मॉड्यूलबाबत तक्रार

दि. 4 जून

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय: एस5-115यू पीएलसीचे पावर सप्लाय मॉड्यूल सदोष निघाल्याबाबत, रक्कम परत मिळण्याबाबत आणि तपासणीचा लेखी अहवाल मिळण्याबाबत.

महोदय,

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात शेतीसाठी लागणारे पीव्हीसी पाइप तयार होतात. आमची मोठी उत्पादन लाइन जर्मनीहून वापरलेली आणलेली असून ती सीमेन्सच्या सिमॅटिक एस5-115यू या पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर, चालते. एस5 ही मालिका 1979 मध्ये आली, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिची जागा एस7 घेऊ लागली आणि आता तिचे उत्पादन बंद झालेले असल्यामुळे सुट्या भागांसाठी आपल्यासारख्या पुरवठादारांवर विसंबण्यावाचून आम्हांला गत्यंतर नाही. पीएलसी बदलण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले आहे. तोवर ही लाइन आहे त्याच पीएलसीवर चालली पाहिजे.

एप्रिलअखेरीस या पीएलसीला वीज पुरवणारे मूळ पावर सप्लाय मॉड्यूल बंद पडले. आपल्याकडून 68,000 रुपयांना दुसरे मागवले. आपल्या बिलावर ‘नवीन, न वापरलेले, तपासलेले, हमी 12 महिने’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मॉड्यूल 12 मे रोजी बसवले. पहिले दोन दिवस रात्रपाळीत लाइन सुरळीत चालली, मात्र 15 मे रोजी दुपारी तीनच्या सुमारास पीएलसीचा सीपीयू स्टॉपमध्ये गेला (थांबला), यंत्रांना जाणारे सर्व आउटपुट बंद झाले आणि एक्स्ट्रूडर, म्हणजे पीव्हीसी वितळवून पाइप ओढणारे यंत्र, भरल्या बॅरलसह (तापवलेल्या नळकांड्यासह) उभा राहिला. पॅनल थंड झाल्यावर सीपीयू पुन्हा चालू झाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा थांबला.

पीव्हीसीची लाइन अशी मध्येच थांबणे म्हणजे काय, हे आपल्या विभागाला ठाऊक असावे, तरीही लिहितो. तापलेल्या बॅरलमध्ये अडकलेले पीव्हीसी विघटित होऊ लागते, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो वायू पुढचे विघटन आणखी वेगाने घडवतो, आणि पाहता पाहता माल तपकिरी, मग काळा पडून स्क्रूला चिकटतो. दुसऱ्या खेपेला आम्हांला डाय (पाइपाला आकार देणारा साचा) उतरवून, स्क्रू बाहेर काढून, पृष्ठभागावर ओरखडे पडू नयेत म्हणून पितळी पट्ट्यांनी जळालेला थर खरवडावा लागला. चार माणसांची दीड पाळी त्यात गेली. त्या वासात तोंडाला फडके बांधून काम करणाऱ्या आमच्या कामगारांपुढे उभे राहणे मला जड गेले, कारण हे मॉड्यूल घेण्याची शिफारस माझी होती.

त्यानंतर मी स्वतः मॉड्यूलची तपासणी केली. सकाळी थंड असताना 5 व्होल्टच्या आउटपुटवर 5.1 व्होल्ट मिळत होते. दुपारी पॅनलमध्ये 51 अंश सेल्सिअस तापमान असताना, संपूर्ण रॅकचा (पीएलसीच्या सर्व मॉड्यूलचा) भार चालू ठेवून मोजल्यावर ते 4.6 वर उतरले आणि सीआरओवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) रिपल, म्हणजे व्होल्टेजमधील चढउतार, ठळकपणे वाढलेला दिसला. 5 व्होल्टवर चालणाऱ्या त्या काळातील लॉजिक चिपना 4.75 व्होल्टच्या खाली भरवसा उरत नाही, हे या क्षेत्रातील कोणालाही माहीत असते. झाकण उघडल्यावर कारण समोर आले. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपैकी दोहोंवर 1994 च्या उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा अंक आहे, एकावर मात्र 2016 चा आहे आणि त्याच्या सोल्डरभोवती फ्लक्सचा (डाग देताना लावतात त्या रसायनाचा) डाग तसाच आहे, म्हणजे तो नंतर बदललेला आहे. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीत सिमेंटसारखी करडी धूळ घट्ट बसलेली आहे, स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाच्या खुणा आहेत आणि अनुक्रमांकाची पट्टी खरवडून काढलेली आहे. हे मॉड्यूल कुठल्यातरी कारखान्यात वर्षानुवर्षे राबून, अर्धवट दुरुस्त होऊन आपल्या दुकानात आले आहे. सर्व छायाचित्रे आणि मोजमापांची नोंद सोबत जोडली आहे.

वापरलेला माल घेण्यास आमची मुळीच हरकत नव्हती. ‘वापरलेले, दुरुस्त केलेले’ असे सांगून विकले असते तर आम्ही ते त्या किमतीत तोलून घेतले असते आणि बसवण्याआधी सर्व कपॅसिटर बदलून घेतले असते. खरे तर गोदामात वीस-तीस वर्षे पडून राहिलेला, कधीही न वापरलेला कपॅसिटरही निर्धोक नसतो. त्याच्या आतील ऑक्साइडचा थर विरलेला असतो आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या उपकरणाने) हळूहळू व्होल्टेज चढवत त्याला पुन्हा तयार करावे लागते. म्हणजे ‘नवीन’ या शब्दानेही तपासणीची गरज संपत नाही.

दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधींनी दोन उत्तरे दिली. पहिले असे की, आमच्याकडे मॉड्यूल लावल्यावर हिरवा दिवा लागला होता, म्हणजे ते तपासलेले आहे. दिवा लागणे ही तपासणी नव्हे. वातानुकूलित खोलीत, टेबलावर, भाराविना पाच मिनिटे दिवा लावून पाहिलेल्या मॉड्यूलबद्दल, ते प्रत्यक्ष पॅनलमध्ये कसे वागेल हे कोणीही सांगू शकत नाही. पूर्ण भारावर काही तास चालवणे, तापवून व्होल्टेज व रिपल मोजणे, कपॅसिटरचा अंतर्गत रोध तपासणे आणि बॅकअप बॅटरीची स्थिती पाहणे, इतके तरी झाले पाहिजे. वीज गेल्यावर पीएलसीचा प्रोग्राम टिकवणाऱ्या या बॅटरीचा मुद्दा क्षुल्लक नाही. आपण पाठवलेली बॅटरी मेलेली होती आणि आमचा प्रोग्राम ईप्रॉममध्ये (विजेविनाही टिकणाऱ्या स्मृतीत) नसता तर वीज जाताच तो पुसला गेला असता.

दुसरे उत्तर असे की, जळगावच्या उन्हामुळे मॉड्यूल बिघडले असावे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, हे खरे आहे आणि मागणी नोंदवताना मी ते लिहूनही दिले होते. या पीएलसीला 55 अंशांपर्यंतच्या हवेत चालण्याची मुभा उत्पादकाने दिलेली आहे, आणि आमचे मूळ मॉड्यूल याच पॅनलमध्ये अनेक उन्हाळे चालले. तापमान 10 अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणूनच खानदेशात पाठवायचा माल तापवून पाहणे अधिक गरजेचे होते.

हे सर्व नेमके हंगामाच्या तोंडावर घडले. बागायती कापसाची लागवड मेअखेरीस सुरू होते, रावेर-यावलकडे केळीच्या मृगबागेची तयारी चालू असते आणि पाइपाची मागणी याच पंधरवड्यात येते. आमची लाइन सहा दिवस बंद राहिली. शेवटी मूळ मॉड्यूलचे सर्व कपॅसिटर आम्हीच बदलले आणि त्यावर लाइन आज चालू आहे.

वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. आपली वस्तू जुळत नाही. त्यामुळे 68,000 रुपये व वाहतूक खर्च परत मिळावा, बॅरल साफसफाई आणि वाया गेलेल्या मालापोटी सोबतच्या हिशेबाप्रमाणे 41,500 रुपये मिळावेत, आणि या मॉड्यूलची तपासणी कोणी, कोणत्या तारखेला, किती भारावर व किती तापमानाला केली याचा सहीनिशी अहवाल मिळावा. तपासणी झालीच नसेल तर तसे लेखी कळवावे. याच बिलातील दोन डिजिटल आउटपुट मॉड्यूल आम्ही अद्याप बसवलेली नाहीत. त्यांचाही अहवाल मिळेपर्यंत ती खोक्यातच राहतील.

सदोष मॉड्यूल आपल्या माणसाने पाहण्यासाठी जपून ठेवले आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला विश्वासू,
देखभाल विभाग प्रमुख,
पीव्हीसी पाइप कारखाना,
औद्योगिक वसाहत, जळगाव

सोबत: बिलाची प्रत, मोजमापांची नोंद, छायाचित्रे, खर्चाचा हिशेब