मूठ किती वाजता मिटली ते विचार

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा मी ‘बरं आहे’ म्हटलं आणि तुझा विश्वास बसला नाही. मग बाबांना फोन, मग शेजारच्या भाभींना फोन, आणि रात्री दहा वाजता ‘ट्रॅव्हल्सनं निघतोय’ असा मेसेज. पुण्याहून रात्रभर प्रवास करून, बिजासनचा घाट चढून तू सकाळी इंदूरला दारात उभा राहिला असतास, तर मी तुझ्यासाठी पोहे करायला उठलेच असते, आणि त्या दिवशी मला चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागत होता. म्हणून बाबांनी तुला थांबवलं. तू रुसलास. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लिहिते म्हणजे बोलते. फोन टाइप करतो आणि बाबा शेजारी बसून शुद्धलेखन सुधारतात. ‘मेथोट्रेक्सेट’ या माझ्या गोळीचं फोननं ‘मेथी ट्रॅक्टर’ केलं होतं. राहू द्या म्हटलं, तर ऐकलं नाही त्यांनी.

माझं दुखणं म्हणजे आमवात, रुमेटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवात. ते उठतं तेव्हा आत काय चालतं ते आधी समजून घे. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. माझी प्रतिकारशक्ती त्या अस्तरालाच परकं समजते. अस्तर सुजतं, जाड होतं, आत पाणी साठतं, आणि वेळेवर आटोक्यात आणलं नाही तर पुढे कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पावलांची बोटं, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखंच. नखाजवळची पेरं सहसा वाचतात. तुझ्या आजीचे गुडघे वेगळे होते. ते झिजलेले होते, चालल्यावर दुखायचे, बसलं की बरं वाटायचं. माझं उलट आहे. रात्रभर पडून राहिल्यानं सकाळी बोटं आखडलेली असतात आणि हालचालीनं हळूहळू सुटतात.

म्हणून ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. बरं म्हटलं तर तू घाबरतोस, बरं नाही म्हटलं तर तिकीट काढतोस. त्याऐवजी ‘आज मूठ किती वाजता मिटली?’ असं विचार. चांगल्या दिवसांत मी सहाला उठते आणि चहा उकळेपर्यंत मूठ मिटते. दुखणं उठलं की नऊ वाजतात, कधी अकरा. डॉक्टरही हेच विचारतात, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो म्हणून. उत्तर आकड्यात असलं की तुला माझ्या आवाजावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

तुझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘काय खाल्लंस?’ दही खाल्लं का, टोमॅटो खाल्ला का, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कुणी नेलं होतं का. अरे, आंबटानं या रोगात सांधे सुजतात याला काही आधार नाही. कारणं असतात कधी कधी. सर्दी-ताप, लघवीचा संसर्ग, चुकलेली गोळी, स्टिरॉइडचा डोस कमी करताना, एखादं मोठं टेन्शन. आणि बऱ्याचदा काहीच सापडत नाही. नवी नवी होते तेव्हा मीही रोज डायरीत जेवण लिहायची; त्यातून एवढंच कळलं की आपल्या घरी शेव फार खाल्ली जाते. कारण शोधण्याची ही खोड फार सोसावी लागते, सोन्या. कारण सापडलं की कुणीतरी चुकलं असं ठरतं, आणि ती चूक नेहमी दुखणाऱ्याच्याच गळ्यात पडते. ‘तू काल उन्हात गेलीस’, ‘तू पापड लाटलेस’. मला आता आधीच दुखत असताना वर फिर्यादही ऐकायची नाही.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, तो तू गेल्या दिवाळीत पाहिलास आणि किराण्याची यादी समजलास. तो दुखणं उठल्यावर काय करायचं याचा कागद आहे. बरी होते तेव्हा डॉक्टरांसमोर बसून केला, कारण दुखत असताना डोकं चालत नाही आणि घाबरलेल्याचं तर मुळीच नाही. त्यावर लिहिलं आहे की पहिले दोन-तीन दिवस कामं निम्मी करायची, सकाळी कोमट पाण्यात हात धरायचे, सुजलेला सांधा गरम लागत असेल तर शेक नको, थंड पट्टी. मनगटाचा पट्टा लावायचा. हात पूर्ण थांबवायचे नाहीत. सोसवेल तेवढेच, पण दिवसातून थोडे तरी हलवायचे. चौथ्या दिवशीही मूठ मिटायला तसाच उशीर होत असेल तर डॉक्टरांना फोन. स्टिरॉइड वाढवायचं की नाही ते तेच सांगतील. आपल्या मनानं वाढवायचं नाही आणि, हे जास्त महत्त्वाचं, आपल्या मनानं एकदम बंदही करायचं नाही. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. माझा गुरुवार. हे बाबांना पाठ आहे, तुलाही पाठ हवं, कारण उद्या मी दवाखान्यात असले आणि कुणी नवख्यानं ‘रोज एक’ असं लिहिलं तर तिथे ओरडणारं कुणीतरी पाहिजे. ही गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड, पण दुसऱ्या दिवशी. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यात पेशी, यकृत, मूत्रपिंड. आणि लघवीच्या संसर्गाला को-ट्रायमोक्साझोल नावाची गोळी कुणी दिली तर आधी मेथोट्रेक्सेट चालू आहे हे सांगायचं. ती दोन औषधं एकत्र चालत नाहीत.

तू त्या हर्बल पुड्या पाठवतो म्हणत होतास. ‘चार दिवसांत सूज गायब.’ गायब होते, यात शंका नाही! अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी माझ्याच रोगानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं, दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर. मग हळूहळू कळलं की मोठा डोस चालूच ठेवला तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा फुगतो. तोच चमत्कार कागदात बांधून कुणी मला विकत असेल, डोस न सांगता, तर नको. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला तू पुड्या पाठवतोस, कमाल आहे तुझी.

आता धावायचं कधी ते ऐक. हे तुझ्या फोनमध्ये ठेव. एकच सांधा अचानक लालभडक, गरम, आणि वर ताप: तो रोगाचा उठाव नसून सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. कोरडा खोकला आणि धाप. मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड आणि ताप. डोळा लाल होऊन ठणकायला लागला. मान दुखून हातापायांत मुंग्या किंवा जोर गेल्यासारखं वाटलं. छातीत दुखलं तर अर्थातच. या रोगात हृदयविकाराचा धोका वाढतो. यातलं काहीही झालं तर बाबा तुला रात्री तीन वाजता उठवतील आणि तू विमानानं ये. बाकी सगळं, म्हणजे दुधाची पिशवी फोडता न येणं, साडीची पिन न लागणं, चिडचिड, थकवा, ‘आज नको, झोपते’ म्हणणं, हे थांबून पाहायचं आहे. तुला वाटतं की थांबणं म्हणजे काही न करणं. माझ्यासाठी ते कामच आहे, आणि दमवणारं आहे.

भीतीचं म्हणशील तर मलाही वाटते. डोस वाढवलेल्या दिवसांत तर फारच. स्टिरॉइडनं झोप उडते, छाती धडधडते, उगीच काहूर माजतं. म्हणून ते सकाळी न्याहारीनंतरच घ्यायचं. हे औषधाचं आहे हे कळेपर्यंत मला वाटायचं, मीच ढासळते आहे. रात्री जाग येते तेव्हा डोळ्यांपुढे तुझी पणजी असते. जुन्या अल्बममधला तो फोटो आठव, वाकडी झालेली बोटं पदराखाली लपवून बसलेली. मग मला स्वतःला सांगावं लागतं की तिच्या काळी मेथोट्रेक्सेट या रोगावर देतच नव्हते. अमेरिकेत त्याला संधिवातासाठी मान्यताच १९८८ साली मिळाली. तिचे हात माझं भविष्य नाहीत. हे पटायला रोज थोडा वेळ लागतो, रात्री जास्त.

‘मन खंबीर ठेवा’ असं सगळे म्हणतात, पण कसं ते कुणी सांगत नाही. मला उपयोग झाला तो समुपदेशक बाईंनी सांगितलेल्या एका साध्या गोष्टीचा. संध्याकाळी सहा ते साडेसहा काळजी करायची वेळ. बाहेर झोपाळ्यावर बसून, मनाजोगती, पोटभर काळजी. दिवसभरात जे मनात येईल ते चिठ्ठीवर लिहून सहासाठी ठेवायचं. सहा वाजता निम्म्या चिठ्ठ्या वाचून हसू येतं. उरलेल्या निम्म्या खऱ्या असतात, त्यांचं काय करायचं ते बाबांशी बोलते. मला हे आधी फार बालिश वाटलं होतं. रक्ताचा रिपोर्टही मी आता मोबाइलवर उघडत नाही; तो डॉक्टरांच्या टेबलावरच उघडतो. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, वयानं वाढतो, रक्त कमी असलं तरी वाढतो, आणि तो ठळक छापलेला आकडा पाहून मी एक अख्खी रात्र घालवावी एवढी त्याची लायकी नाही.

तूही कुणाशी तरी बोल. मित्र, डॉक्टर, नाहीतर मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात. आईच्या दुखण्याची भीती वाटते म्हणून फोन केला तर कुणी हसत नाही.

आणि तुझ्या बोटांचं. तू नेटवरून रक्ततपासण्यांची पॅकेजं शोधतोयस हे मला कळलं आहे, कसं ते विचारू नकोस. आई-वडिलांपैकी एकाला हा रोग असला की मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, हे खरं. तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. काही लक्षण नसताना अँटी-सीसीपी ही या रोगाची रक्ततपासणी करून घेशील, आणि निकाल काहीही आला तरी झोप घालवशील. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त बोटं आखडायला लागली, बोटांची मुळं सुजली आणि काही आठवडे तशीच राहिली, तर मात्र उशीर करू नकोस. थेट संधिवाततज्ज्ञाकडे जा, कारण पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेले उपचार सांधे वाचवतात. तोवर एकच काम तुझ्या हातात आहे. या रोगाचा धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी टाळता येतात, त्यांत सगळ्यात पक्की ठाऊक असलेली म्हणजे सिगरेट, आणि घराण्यात रोग असलेल्यांना ती जास्तच महाग पडते. मी टोमॅटो सोडायचा आणि तू ऑफिसच्या जिन्यात उभं राहून धूर सोडायचा, हा कुठला न्याय?

पुण्याला मी येणार नाही. इथे डॉक्टर आहेत, सुदामानगरातल्या बायका आहेत, सानंद संस्थेची मराठी नाटकं आहेत. आम्ही दोघं कडेची खुर्ची धरतो, म्हणजे मध्यंतराआधी पाय मोकळे करता येतात. बाबा आता पोहे छान वाफवतात, वरून जीरावन मसाला मात्र सढळ हातानं घालतात. तू दुखण्याला येऊ नकोस, रंगपंचमीला ये. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर तू आणि बाबा जा, मी गच्चीवरून पिचकारी मारेन, मूठ मिटत असली तर.

खरंच काही करायचं असेल तर एक काम आहे. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातले नळ बदलून दांड्याचे बसवायचे आहेत, मनगट न पिळता कोपरानं ढकलता येतील असे. प्लंबर सोमवारी येतो म्हणाला आहे. त्याच्याशी फोनवर तू बोल, बाबा बोलले की भांडण होतं आणि तो येत नाही.

तुझी,
आई

ता. क. ‘प्लंबरशी मी कधीच भांडत नाही’ असं इथे लिही म्हणून बाबा मागे लागले आहेत. लिहिलं.