कवचातले औषध जनरल वॉर्डापर्यंत यावे

महोदय,

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कवचांतून, पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) सोडण्याच्या संशोधनाची बातमी आपल्या अंकात वाचली. मी तीस वर्षे परिचारिका होते, त्यातली शेवटची नऊ अतिदक्षता विभागात. म्हणून हे पत्र.

औषधाला कवच घातल्याने काय फरक पडतो, ते आम्ही 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वॉर्डात पाहिले. रोग बुरशीचा होता, पण धडा इथेही लागू आहे. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध काळ्या कागदात गुंडाळून डेक्स्ट्रोजमधून (साखरेच्या पाण्यातून) चार-सहा तास थेंबथेंब सोडायचे. थोड्याच वेळात रुग्णाला अशी हुडहुडी भरे की खाट कडकड वाजायची. पुढे क्रिएटिनीन चढायचे, म्हणजे मूत्रपिंडे बिघडू लागायची, पोटॅशियम उतरायचे. लायपोसोमल प्रकारात औषध तेच, फक्त मेदाच्या अतिसूक्ष्म गोळीत बसवलेले. दहा हजार गोळ्या ओळीने मांडल्या तरी जेमतेम मिलिमीटर भरेल. कुपीतल्या पिवळ्या पुडीत निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचे आणि गाळणीतून डेक्स्ट्रोजमध्ये. मिठाच्या पाण्यात (सलाईनमध्ये) चुकूनही नाही. या औषधावर मूत्रपिंडे पुष्कळ वाचत.

जिवाणूंच्या बाबतीत आम्ही आज हताश आहोत. कोणते औषध जिवाणूवर चालते ते सांगणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे एकही चालत नाही. शेवटी उरते कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. तेही मूत्रपिंडाला जड, आणि तेही पेप्टाइडच, मातीतल्या एका जिवाणूने बनवलेले. अशी पेप्टाइडे आपल्या त्वचेतही असतात. त्यांचा धन प्रभार जिवाणूच्या ऋण प्रभाराच्या पडद्याला चिकटतो आणि पडदा फुटतो. मात्र शिरेतून दिली की रक्तातली विकरे (एन्झाइम) त्यांचे तुकडे करतात, मात्रा वाढवावी तर कित्येकदा आपल्याच तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कवच हवे: वाटेत औषध जपणारे, जखमेवर जिवाणूंनी धरलेल्या बुळबुळीत थरात शिरून ते हळूहळू सोडणारे.

पण प्रयोगशाळेतून वॉर्डापर्यंतची वाट फार लांब असते. मायकेल झॅस्लॉफ यांनी 1987 मध्ये आफ्रिकन बेडकाच्या त्वचेत मॅगेनिन हे असेच पेप्टाइड शोधले. शस्त्रक्रियेनंतर घाणेरड्या पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या प्रश्नातून. त्यावरून मधुमेहींच्या पायाच्या जखमेसाठी मलम तयार झाले. 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. असे पाय मी रोज ड्रेसिंगला घेतले आहेत. ते मलम आले असते तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आणि औषध आले तरी ते कोणाला मिळते? म्युकरच्या एका रुग्णाचा धाकटा मुलगा रात्रभर मोटारसायकल चालवून पुण्याहून लायपोसोमलच्या चार कुप्या बर्फाच्या डब्यात घेऊन आला. एकेक कुपी काही हजारांची. वडिलांचे वजन पन्नास किलो, म्हणजे एका दिवसाला पाच लागत. डबा माझ्या हातात देताना त्याने विचारले, “सिस्टर, एवढ्यात भागेल ना?” दुसऱ्या दिवसापासून आम्ही साधे औषध लावले. सातव्या दिवशी त्यांना डायलिसिसला हलवावे लागले.

पेप्टाइड बनवणे महाग, त्यावर नॅनोकवचाचा खर्च. या संशोधनाला सरकारी निधी देतानाच सरकारी रुग्णालयांसाठीचा दर करारात लिहून घ्यावा, अशी माझी मागणी आहे. औषध बाजारात आल्यावर दरासाठी हात जोडण्यात अर्थ नाही. आपणही अशा बातमीत प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत झाला, उंदरावर की माणसावर, एवढे पहिल्याच परिच्छेदात छापावे. बातमी आल्यापासून शेजारच्या दोन मधुमेही काकू मला औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागत आहेत.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज