यजमान शहर मैदान पाहून ठरवावे

महोदय,

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची अंतिम फेरी कोणत्या शहरात घ्यावी, हा केवळ आयोजकांच्या सोयीचा प्रश्न नाही. पुण्यात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल आहे, हे खरे. परंतु नाशिकच्या खेळाडूंना सुमारे २१० किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्याच सकाळी मैदानात उतरावे लागले, तर स्थानिक संघ खेळण्याआधीच पुढे असतो.

अमेरिकेत ‘बिग ईस्ट’ या विद्यापीठांच्या गटाची पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा १९८३ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच भरते. ठिकाण कायम राहिल्याने प्रेक्षकांची परंपरा तयार झाली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र याच गटातले, त्याच शहरातील सेंट जॉन्स विद्यापीठ आपले काही घरचे सामनेही तेथेच खेळते, हेही विसरता येत नाही.

म्हणून यजमानपद तिन्ही जिल्ह्यांत फिरते ठेवावे, असे मला मनापासून वाटते. अट एकच असावी, आणि तिच्यात तडजोड नको : २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, छताखालचे, लाकडी पृष्ठभागाचे मैदान. माझ्या महाविद्यालयीन दिवसांत सिमेंटच्या मैदानावर पडून दुखावलेला गुडघा आजही जिने चढू देत नाही. मुलींच्या संघांची निवास व्यवस्था मैदानाजवळ आहे का, हेही यजमान ठरवण्यापूर्वीच तपासावे.

– एक माजी खेळाडू, कोथरूड, पुणे