मधल्या आवाजांचीही दखल घ्या

छोट्या गायकवृंदांवरच्या बातम्यांत संस्थापक आणि वरच्या पट्टीत गाणारा, एवढ्यांचीच नावे येतात. बाकीचे ‘आणि सहकारी’. हे खटकते. वाद्यांची साथ नसताना चार-सहा गळ्यांनी स्वरसंगती, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा एकत्र मेळ, उभी करायची, तर प्रत्येक सुरावट एकेकट्याच्या जिवावर असते. मोठ्या वृंदात शेजाऱ्याच्या आवाजाआड लपता येते. इथे श्वास कुणी कुठे घ्यायचा हेसुद्धा आपसांत ठरवावे लागते, कारण सगळ्यांनी एकदम घेतला की पोकळी लगेच कानाला लागते. त्यातही मधल्या पट्टीच्या गायकाला मुख्य चाल क्वचितच मिळते. एकाच सुरावर तो तग धरून राहतो आणि कणभर उतरला तर बहुधा सगळ्यांनाच खाली ओढतो.

इंग्लंडमधला ‘किंग्ज सिंगर्स’ हा सहा जणांचा वृंद १९६८ पासून गातो आहे. आज त्यात मूळचा एकही गायक नाही. माणसे बदलत गेली. अशा वृंदात नव्याने आलेल्याने आपल्या गळ्याची कोणती लकब सोडली, दौरे नसतात तेव्हा पोट कशावर चालते (अनेकांचे शिकवण्यांवर!), हे वाचायला आवडेल. आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या वेळी मधल्या आवाजांशीही बोलावे, ही विनंती.

– एक श्रोता