आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: तासातासाची लघवी कोण मोजणार?

माननीय आरोग्यमंत्री,

सादर नमस्कार.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रात्रपाळीत मी सगळ्यात जास्त वेळा वाकून बघते ती पलंगाच्या कडेला लटकणारी लघवीची पिशवी. हे पत्र त्या पिशवीसाठीच लिहिते आहे.

काही महिन्यांपूर्वी साठीच्या एक बाई वॉर्डातून आमच्याकडे आल्या. न्यूमोनिया झालेला, तीन दिवस ताप, आदल्या संध्याकाळपासून बोलणं असंबद्ध. सोबतच्या तक्त्यावर लघवीच्या रकान्यात रात्रभरासाठी एकच शब्द होता: 'झाली'. किती, कधी, काही नाही. आम्ही कॅथेटर घातला. पहिल्या तासात १२ मिलि, दुसऱ्या तासात ९. त्यांचं वजन ६० किलो, म्हणजे तासाला निदान ३० मिलि तरी हवी होती. मुलगा विचारत होता, "सिस्टर, आजार छातीत आहे, मग किडनी का बंद पडतेय?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. याचं उत्तर आपल्यापर्यंत पोहोचायला हवं, कारण धोरण त्यावरच ठरायला हवं.

हा सेप्सिस, म्हणजे संसर्गाला शरीर बेफाम प्रतिसाद देतं आणि त्यात आपलेच अवयव बिघडू लागतात ती अवस्था. त्यात जंतूंना मूत्रपिंडापर्यंत जावंच लागत नाही. त्यांच्या आवरणाचे तुकडे आणि आपल्याच जखमी पेशींतून सुटलेले घटक रक्तात फिरतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यामुळे हा सगळा मारा तिथे होतो. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी ते तुकडे ओळखतात आणि दाह सुरू होतो. बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सोलवटतं, गुठळ्या अडकतात, पेशींना ऊर्जा पुरेनाशी होते. मग त्या जीव वाचवण्यासाठी काम थांबवतात. हे सगळं रक्तदाब बरा दिसत असतानाही घडू शकतं! त्या बाईंचाही रक्तदाब वॉर्डात ठीकच होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पुढे उलटं होतं. आधी बेफाम झालेली प्रतिकारशक्ती गळून जाते, संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी मोठ्या संख्येने मरतात, आणि दुसरा संसर्ग गाठू शकतो. मूत्रपिंड बंद असेल तर प्रतिकारशक्ती आणखी खचते, शिवाय डायलिसिसची नळी म्हणजे जंतूंना आणखी एक वाट.

मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साठणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकाच्या तपासणीवर विसंबून राहता येत नाही. ते उशिरा चढतं. लघवी आधी सांगते. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सहा तास किलोमागे ताशी अर्ध्या मिलिपेक्षा कमी लघवी म्हणजे मूत्रपिंडाला तीव्र इजा. त्यासाठी कुठलं महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो दर तासाला वाकणारा माणूस. 'झाली' लिहिणाऱ्या त्या परिचारिकेला मी दोष देणार नाही. एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड असला की हात पोहोचतच नाही.

म्हणून मागणी अशी की संसर्गाने गंभीर झालेल्या प्रत्येक रुग्णाची लघवी वॉर्डातही तासागणिक मोजण्याचा नियम करा, आणि त्यासोबत परिचारिकांची पदं भरा. नुसतं परिपत्रक आलं तर रकाने अंदाजाने भरले जातील, हे मी पाहिलं आहे. रात्री लॅक्टेट (पेशींवरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक) आणि क्रिएटिनिनचा अहवाल मिळायला हवा, अँटिबायोटिकचा पहिला डोस सकाळच्या राउंडची वाट बघत राहता कामा नये. सेप्सिस वेळेत ओळखण्याचा ठराव जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्य सभेने २०१७ मध्येच केला आहे. न्यूयॉर्क राज्याने तर २०१३ मध्ये रुग्णालयांना सेप्सिसची कार्यपद्धती सक्तीची केली. म्हणजे हे करता येतं.

आणखी एक. त्या बाई अकरा दिवस डायलिसिसवर होत्या, मग हळूहळू लघवी सुरू झाली आणि त्या चालत घरी गेल्या. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त 'न्यूमोनिया' छापलं होतं. अशा इजेनंतर मूत्रपिंडाचा कायमचा आजार जडण्याचा धोका वाढतो, पण कार्डावर त्याचा उल्लेख करायला रकानाच नव्हता. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन तपासा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ देऊ नका, हे मी त्यांच्या मुलाला जिन्यात गाठून तोंडी सांगितलं. तो रकाना आपण छापून द्यावा.

आपली,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका